माझ्या पुढचा फुलबॅक

मी गोलकीपर आणि तो माझ्या पुढचा फुलबॅक. माधव नगरच्या आमच्या फुटबॉल संघात कितीतरी वर्षं आम्ही असेच पुढे-मागे उभे राहिलो. तो गिरणीत विणाई खात्यात होता. पाळी संपली की केसांत रुई तशीच घेऊन मैदानावर यायचा आणि अनवाणी खेळायचा. बूट घातलेला फॉरवर्ड अंगावर आला तरी पाय मागे घेत नसे. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तो संघात आला. दोन-तीन वर्षांतच इंदूर-देवासचे संघ उतरल्याबरोबर विचारायला लागले, तो आहे का आज?

तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या संघाची निवड होती, तेव्हाची गोष्ट. निवड समितीचे दोघं ग्वाल्हेरहून सामना बघायला आले होते. बरोबरी होती, वेळ संपत आली होती. एक उंच चेंडू आला. तो डोक्यानं सहज बाहेर काढणार, तेवढ्यात मी ओरडलो, "छोड, मेरी है!" मैदानावर आम्ही हिंदीतच बोलायचो. त्यानं मान बाजूला घेतली. माझा अंदाज साफ चुकला होता. चेंडू बोटांना लागून गोलात गेला.

नंतर समितीतल्या एकानं विचारलं, ऐन वेळी फुलबॅकनं मान का काढून घेतली? मी समोरच होतो. तो जवळच नळावर पाय धूत होता. मी बोललो नाही. तोही बोलला नाही.

यादीत मी राखीव होतो. त्याचं नाव नव्हतं. देवास गेटच्या बसस्टँडवर मला बसमध्ये बसवून द्यायला तो आला होता.

पुढच्या वेळी त्याला घेतीलच, अशी मी मनाची समजूत घातली. पण वर्षभरात राज्यांची फेररचना झाली आणि मध्य भारत राज्यच राहिलं नाही. निवड भोपाळला गेली. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि त्याची तिशीही उलटली होती.

मी निवृत्त झाल्यावर एकदा नानाखेड्याला त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"त्यांनी विचारलं ते मी ऐकलं होतं की," तो म्हणाला.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू सांगशील, असं वाटलं होतं यार. यादी लागेपर्यंत वाट पाहिली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मग त्यानं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी माफी मागायला गेलो होतो, ती मागायची राहूनच गेली. त्यानंतरही दोनदा गेलो. बोलणं दुसऱ्याच गोष्टींचं झालं.