तिळाएवढं खनिज

हे दगड घासतात. लग्न ठरताना "काय करता?" या प्रश्नाला यांनी स्वतःच हे उत्तर दिलं होतं, आणि माझे वडील पुढे कितीतरी दिवस म्हणत होते की पोरगी दगडाच्या गळ्यात बांधली. काम खरंच तेवढंच. खनिजांच्या प्रयोगशाळेत दगडाचा तुकडा राळेच्या गोल वडीत बसवायचा, फिरत्या चकतीवर घासायचा, मग कापडावर हिऱ्याच्या बारीक पुडीने आरशासारखा करायचा. तो सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि शाबासकी बघणाऱ्याला मिळते. यांना त्याचं सोयरसुतक नाही. घरातही दोघांच्या वाट्याचं मीच बोलते.

मुलगा बापाच्या वळणावर गेला, तोंड तेवढं माझं घेतलं. खाणीत भूवैज्ञानिक म्हणून लागला. एकदा सुट्टीवर आला तो गारेचा, म्हणजे पांढऱ्या गारगोटीच्या दगडाचा, एक तुकडा घेऊन, आणि बापापुढे ठेवून म्हणाला, "बाबा, यात एक राखाडी तीळ आहे. जपून घासा. आणि साधा निघाला तर हसू नका."

साधा निघाला नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तपासला, आणि त्या दिवशी जेवताना हे चक्क आपणहून बोलले. धातू आणि गंधक यांच्या जोडीला अँटिमनी किंवा आर्सेनिकसारखं तिसरं कुणी आलं की त्या कुळाला सल्फोसॉल्ट म्हणतात. बहुतेक सगळे शिशासारखे राखाडी, चमकणारे, मऊ आणि ठिसूळ. नुसतं बघून सख्खा कोण, चुलत कोण ते कळत नाही. कुठला धातू, किती प्रमाणात, यावरून पहिली वाटणी होते. आतले अणू कसे रचलेत ते क्ष-किरणांनी बघितलं की नातं पक्कं ठरतं. आमच्या तिळात शिसं, चांदी आणि अँटिमनी होतं, पण त्यांचं प्रमाण माहितीतल्या कुठल्याच खनिजाशी जुळत नव्हतं.

"म्हणजे तुमच्या भावकीसारखंच," मी म्हटलं. "तोंडं सारखी, आणि कोण कुणाचा ते विचारू नये."

मुलगा ठसका लागेपर्यंत हसला. हे पाणी द्यायला उठले.

तो परत गेला आणि काही दिवसांत खाणीतला त्याचा बोगदा खचला. तो आत होता. बाहेर काढता आलं नाही. शेवटी बोगद्याचं तोंड बंद केलं, आणि तो तीळ जिथे सापडला ती खनिजाची शीरही आतच राहिली.

लोक येऊन गेले. मला रडू येईना. भाजी चिरायला घेतली की चिरतच बसायची, दोघांना चार दिवस पुरेल एवढी. हे कामावर जायला लागले. चहा समोर ठेवला की गार होईपर्यंत बघत बसायचे, मग तसाच प्यायचे.

मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, "शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नसतं, पण दुसऱ्याने दिलेलं चालतं. क्ष-किरणांत नवीन ठरलं, तर आम्ही त्या खनिजाला तुमच्या मुलाचं नाव देऊ."

"किती दिवस राहतं ते?" मी विचारलं.

"कायमचं."

एवढं एकच मला हवं होतं. दुसरं काही मागायला उरलंही नव्हतं.

तिळाचा पृष्ठभाग काळवंडला होता, चरे पडले होते. पुन्हा घासून साफ केल्यावर क्ष-किरणांसाठी त्यातला कण काढायचा होता. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला सांगू का? हे म्हणाले, मीच करतो. मलाही तेच बरं वाटलं. तोवर यांच्या हातून एकही वडी वाया गेली नव्हती.

गार कडक असते आणि तीळ मऊ. अशा वेळी वडी जरा टेकवायची, उचलायची, भिंगाखाली बघायची, पुन्हा टेकवायची. नाहीतर गार तशीच राहते आणि मऊ आधी झिजतं. इतकी वर्षं यांचा हात आपोआप उचलला जायचा. त्या दिवशी उचलला गेला नाही. डब्याची वेळ झाली म्हणून मॅडमनी हाक मारली, तेव्हा यांनी वडी उलटी केली. गार लख्ख होती. तिळाच्या जागी खळगा होता.

घरी येऊन यांनी चपला काढल्या आणि सांगितलं, "तो घासला गेला."

"थोडा?"

"सगळा. आता नाव नाही देता येणार."

माझी जीभ कशी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेव्हा एवढंच विचारलं, "त्याचाच विचार करत होतात ना?"

"नाही," हे म्हणाले. "कसलाच नाही."

मला यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. मलाही आत काहीच सापडलं नाही.

"घासलेलं जातं कुठे?"

"पाण्याबरोबर. चकतीखालच्या गाळात."

"तो आणा."

"अगं, त्यात सगळ्याच दगडांचं असतं."

"असू दे. आणा."

दुसऱ्या दिवशी यांनी तो जेवणाच्या डब्यात भरून आणला. ओट्यावर ठेवून मी झाकण काढलं. करडा चिखल होता, तेलकट वासाचा. मी बोट बुडवून बघितलं.

"यातला तो कुठला?"

"आता वेगळा काढता येत नाही," हे म्हणाले, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा रडले, ओट्याला दोन्ही हात टेकून, आवाज करत. मी झाकण लावलं. डबा ठेवावा कुठे ते मला कळेना, म्हणून तो हातात धरून यांच्या शेजारी उभी राहिले.