कोंडाजीची वाघजाई

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत कोंडाजीचा जन्म. वाडीतले बाप्ये कमाईला मुंबईत जायचे, तसा तोही गेला. पण गिरणीत न शिरता तो माझगावात मिंगेल मास्तरांच्या हाताखाली लागला. मास्तर मूळचे गोव्याचे. चर्चसाठी ते लाकडी फळ्यांवर संतांची चित्रं काढायचे, तीही अंड्याच्या बलकात रंग कालवून.

कोंडाजीने आधी नुसते रंग वाटले. मग सरस आणि खडूच्या भुकटीचा लेप देऊन फळी गुळगुळीत करायला तो शिकला. बलक एका तळहातावरून दुसऱ्यावर घोळवून कोरडा करायचा, वरची नाजूक साल चिमटीत धरून टोचायची आणि आतला रस तेवढा वाटीत सोडायचा. हा रंग लावल्या लावल्या सुकतो, म्हणून बारीक रेघा शेजारी शेजारी ओढत चेहरा भरावा लागतो. इतरांना कंटाळवाणं वाटणारं हे काम कोंडाजीला मनापासून आवडलं.

१९२८ च्या सुमारास मास्तर वारले आणि त्यांचा कारखाना बंद पडला. कोंडाजी बोटीने दासगावला उतरला आणि बायकोकडे, साळूबाईकडे, वाडीत परतला. महाडच्या दुकानांच्या पाट्या तो तेलरंगात रंगवू लागला. पोट भरत होतं, पण त्याचं मन त्यात रमत नव्हतं.

अशात वाडीचा प्रमुख, गावकर हैबती, त्याच्या अंगणात येऊन बसला. "देवळात वाघजाईच्या मागची फळी कुजलीय. नवी घालायचीय. तिच्यावर बाईचं चित्र काढशील का रे?"

"काढीन," कोंडाजी म्हणाला. "पण माझ्या रंगात अंडं असतं. आताच सांगतो, मागून बोल नको."

हैबतीने सोबत आलेल्या महिपत गुरवाकडे पाहिलं. महिपत म्हणाला, "बाईला कोंबडा चालतो. अंड्याला ती काय म्हणणार?"

वाडीतल्या माळकऱ्यांना हे रुचलं नाही. पण हैबतीने सगळी जबाबदारी आपल्यावर घेतली आणि बोलणं तिथेच थांबलं.

थंडीभर कोंडाजी पडवीत चित्र काढत होता. साळूबाईच्या कोंबड्यांचा बलक रंगात जायचा आणि पांढरं कांदा घालून तव्यावर. ते खाऊन घरातली माणसं विटली. चैत्रात फळी देवळात बसली. वाघावर बसलेली देवी आणि तिच्यामागे वाडीचेच डोंगर. बाया मुद्दाम या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाऊन पाहायच्या आणि म्हणायच्या, "कुठंबी उभं ऱ्हा गो, बाई आपल्याकडंच बघते."

श्रावणात महिपत भिजत कोंडाजीच्या घरी आला. "बाईच्या तोंडावर बुरशी आलीय."

कोंडाजी धावत गेला. देवीचा चेहरा पांढऱ्या लवेखाली पार बुडाला होता. दोन दिवसांत वाडीभर झालं की, अंड्याने देऊळ बाटलं, देवी कोपली. पाणवठ्यावर साळूबाई आली की बाया हंडे उचलून बाजूला सरायच्या.

हैबतीने एवढंच विचारलं, "खालचा रंग ऱ्हायलाय का?"

"मला ठाऊक नाय," कोंडाजी म्हणाला. मास्तरांची चित्रं पावसाळ्याआधीच गिऱ्हाइकांकडे जायची. पुढे त्यांचं काय होतं, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. "ओलं असताना हात लावला तर सगळं फासलं जाईल. हवा कोरडी होऊ दे."

"घट बसायच्या आत बघ," हैबती म्हणाला. "वाडीला मी शब्द दिलाय."

ते दिवस कोंडाजीला फार जड गेले. चित्र बिघडलं असेल तर वाडीत राहणं कठीण होतं, आणि मुंबईत आता त्याला कोण विचारणार होतं?

भाद्रपद सरता सरता ऊन पडलं. महिपतने देवळात निखाऱ्यांची शेगडी ठेवून गाभारा कोरडा केला. साळूबाईने जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे आणले. कोंडाजीने वाघाच्या शेपटीपासून सुरुवात केली. पांढरी भुकटी झडली आणि खालून हरताळाचा पिवळा रंग जसाच्या तसा निघाला. वाघ झाला, डोंगर झाले. देवीच्या चेहऱ्याशी आल्यावर मात्र त्याचा हात पुढे होईना.

"सरका," साळूबाई म्हणाली. "मी पुसते."

लहान पोराचं तोंड पुसावं तसं तिने देवीचं तोंड पुसलं. आधी कुंकू दिसलं, मग भुवया, मग डोळे. घासल्याने रंगाला उलट मंद चकाकी आली होती. कानाजवळ तेवढा एक करडा डाग राहिला.

कोंडाजी तिथेच फरशीवर बसला. त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते. उंबऱ्याशी बसलेल्या हैबतीने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि मोठा श्वास सोडला.

"बरं झालं बाबा," तो म्हणाला. "घास उतरत नव्हता मला."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, बाजूला सरणाऱ्या बायांतल्याच ठकूबाईने स्वतःचा हंडा मागे ओढला आणि ती म्हणाली, "तू भर गो आधी." साळूबाईने पाणी भरलं.

पुढे कोंडाजी बलकात लवंगांचा अर्क घालू लागला, आणि बुरशी फारशी धरेनाशी झाली. घट बसायच्या आधी वाघजाईची फळी पुसायला दरवर्षी दोघं मिळून जायची. शिवथरकडून, महाडच्या एक-दोन घरांतून अशा चित्रांची कामं येत गेली, आणि दुकानांच्या पाट्या हळूहळू सुटल्या. दूरचं काम असलं की साळूबाई त्याच्याबरोबर निघायची. तिथे अंडी मिळतील ना, एवढं मात्र ती आधी विचारून घ्यायची.