उतार किती?

कसं सांगू, एका शब्दापायी माझं विमान जमिनीवरच राहिलं! तुम्ही हसा खुशाल, मला अजून हसू येत नाही.

यवतमाळबाहेरच्या धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच एकट्यानं उडून, दुसऱ्या गावच्या पट्टीवर उतरून परत यायचं होतं. तिकडे घाटंजीला बाबा आठ दिवस तापानं फणफणलेले. तशातही भेटायला येईल त्याला सांगत, "पोरगा या हप्त्यात एकटा इमान उडवणार हाये." त्यांचा तेवढा शब्द मला खरा करायचा होता.

आईचा फोन नुकताच ठेवला होता. शिकवणाऱ्या मॅडम हातात नकाशा घेऊन आल्या. बाबांच्या तापाचं त्यांना ठाऊक होतं.

"उतार किती आहे?"

काय ही माया! माझे डोळेच भरून आले.

"एक डिग्री असन, मॅडम."

"एवढा? कोणी मोजला?"

"आईनं. काखेत धरून."

मॅडम बघतच राहिल्या. मला वाटलं, बाईंच्या काळजाला लागलं. म्हणून आणखी सांगितलं, "आता उतार आहे, पण दिवस बुडाला का परत चढते."

"पट्टी चढते?"

"पट्टी तर आई ठेवूनच राह्यली, मॅडम. मिठाच्या पाण्याची."

मग मॅडमना सगळं उमगलं. त्यांनी मला खाली बसवलं.

"अरे, धावपट्टीचा उतार! चढाच्या पट्टीवर येताना वाटतं, आपण फार उंच आहोत. मग माणूस आणखी खाली येतो आणि पट्टीच्या अलीकडे शेतातच टेकतो. उताराची असली की उलटं. फार खाली आलो असं वाटून तो उंचच राहतो, चाकं लवकर टेकत नाहीत आणि पट्टी संपते. डोळे फसवतात, म्हणून आधी विचारायचं. आज तुझं डोकं घाटंजीत आहे. घरी जा."

विमानाच्या सावलीत बसून रडलो. आता तुमच्यापासून काय लपवू?

घरी पोचलो तर बाबा भिंतीला टेकून बसलेले. अंगात ताप होताच.

"उडवलं काय रे इमान?"

खोटं बोलवेना. "नाही, बाबा. एसटीनं आलो."

त्यांनी पांघरूण जरा वर ओढलं. मग हळूच म्हणाले, "ड्रायव्हरजवळ तरी बसला होता ना?"

"जागा नव्हती, बाबा. उभ्यानं आलो."