पदकात न दिसणारी जमीन

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनच्या घरात टीव्हीशेजारी एक पदक ठेवलेलं आहे. त्यावर इथल्या इंग्रजांच्या अमलातलं एक शेतघर कोरलंय. दगडी धुराडं, लाकडी भिंती, पुढे कुंपण. मागे माझं नाव. आल्या-गेल्याला मी ते दाखवतो. पाहुणा "वा, काका" म्हणाला की बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "कपड्यांना डागसुद्धा लागला नव्हता हो यांच्या, तेही सांगा."

आता सांगून टाकतो. ते पदक माझं नाही.

पदकावरचं ते शेतघर आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे. भोवती शेत, दोन गाई, कोंबड्या. लोक तिकीट काढून बघायला येतात. आम्ही दोघं दिवसभर रिमोटवरून भांडतो म्हणून मुलीने आम्हाला तिथे शनिवारचे स्वयंसेवक केलं. त्या घराची जमीन मातीची. तिला भेगा पडल्या होत्या, चाललं की धुरळा उडायचा. ते घर सांभाळणाऱ्या समितीच्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाई त्यावर पाणी शिंपडत, मग चिखल होई.

बायकोने दारातून एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "ही आधी चोपायला हवी. मग शेणमातीचा हात फिरवायचा. एवढं कसं कळत नाही यांना?"

तिला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगायला सुरुवात केली ती "मला वाटतं" अशी. पहिल्यांदा खरंच तोंडातून निसटलं. पण बाई वहीत लिहून घेऊ लागल्या आणि पुढे मी ते निसटू देत राहिलो.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली, खुर्चीवरची. शेणाशी माझा संबंध चुकून पाय पडण्यापुरता. तरी शेणाने किडे कसे येत नाहीत यावर मी तिथे व्याख्यान दिलं. चार शनिवार ती गुडघ्यांवर बसून सारवत होती आणि मी पाठीमागे हात बांधून समजावून सांगत होतो. दोन बादल्या पाणी मात्र मी आणलं. त्यातली एक लवंडली.

जमीन सुरेख झाली, तिच्या हाताच्या अर्धगोल फराट्यांची. पुढे त्या घराच्या वर्धापनदिनाला पदकं काढली आणि माझं नाव पुकारलं. बायको पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तेव्हा बोलता आलं असतं. मी दहा मिनिटं बोललोही, पण तेवढं सोडून.

परतताना गाडीत मुलीने विचारलं, "बाबा, हे सगळं तुम्ही केलंत?"

"केलं की आम्ही."

"राजेमहाराजे म्हणतात ना आम्ही, तसं," मागच्या सीटवरून बायको म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. माफी मागून मोकळा झालो असतो. गेली चार वर्षं ती नुसती चिमटे काढते आहे आणि मी हसण्यावारी नेतो आहे.

या वसंतात जमिनीला पुन्हा भेगा पडल्या. बाईंनी मला फोन केला: नव्या स्वयंसेवकांना तुम्ही शिकवाल का? मी हो म्हणालो आणि दोन रात्री नीट झोपलो नाही.

शनिवारी सगळ्यांसमोर सांगितलं, की काम हिचं आणि बोलणंही हिचं, मी फक्त पुढे माझं नाव लावलं. कान तापले होते. बाई बायकोकडे वळून म्हणाल्या, तुमच्या नावाचं पदक करून घेऊ.

मी तिला मराठीत सांगितलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यांना म्हणावं, पदकाची घाई नाही. आधी यांना एक कोपरा सारवू दे."

मी शब्दन् शब्द सांगितला. या वेळी सुरुवात "ती म्हणते" अशी केली.

मग पँट दुमडून बसलो. लांबच्या भिंतीपासून सुरू करायचं आणि दाराकडे मागे सरकत यायचं, हे मी शेकडो वेळा इंग्रजीत सांगितलेलं. हाताला मात्र ते माहीत नव्हतं. माझे फराटे कोंबडीने उकरल्यासारखे आले. तेवढ्यात बघायला आलेलं एक कुटुंब दारात थांबलं आणि त्यातल्या आजींनी विचारलं, हे काय करताहेत?

सवयीने मी तोंड उघडलं. पण उत्तर माझ्या पाठीमागून आलं, बायकोच्या इंग्रजीत.

"ही इज लर्निंग."