संपर्कासाठी माझा नंबर

जे मी पत्नीला सांगितले नाही, कोर्टाच्या आवारातल्या एकाही सोबत्याजवळ उच्चारले नाही, ते आज तुमच्यापुढे मांडत आहे. तुम्ही मला ओळखत नाही — हे एका परीने बरेच आहे.

महाडला कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली माझे टेबल असते. मी अर्ज लिहून देतो. शिक्षण नववीपर्यंत, पण माझ्या हातचा अर्ज कोणी साहेब परत पाठवत नाही, असे तालुक्यात बोलले जाते. ते तसे बोलले जावे म्हणून मीही झटलो आहे. डोंगरातल्या वाड्यांवर मोबाईलला रेंज नसते. म्हणून तिकडच्या माणसांच्या कागदांवर संपर्कासाठी मी माझाच नंबर घालतो. कचेरीचा फोन मला येतो, मी निरोप पोहोचवतो. पद्धत सोयीची आहे. पण खरे सांगू? ती मला आवडत असे. अर्ध्या डोंगराशी सरकार माझ्यामार्फत बोलते — माझ्यासारख्याला याहून मोठा मान कोणता?

काशिनाथ आणि त्याची बायको संगीता पोलादपूरच्या वरच्या अंगाला राहत. काशिनाथ मुंबईत कॅन्टीनमध्ये होता. संगीताच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा नोकरी सोडून आला. एक दिवसाआड तिला एसटीने महाडला डायलिसिससाठी आणायचा. घरातल्या कोणाचीही किडनी तिला जुळली नाही. मुंबईच्या एका रुग्णालयाने मृत दात्याच्या किडनीसाठी तिचे नाव प्रतीक्षायादीत घालायचे ठरवले आणि त्याचे कागद भरायला दोघे माझ्याकडे आली. फोन केव्हाही येईल, आल्यावर काही तासांत हजर व्हावे लागेल, अंगात ताप नसावा. नाहीतर किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल — असे त्यांना बजावण्यात आले होते. ऐपतीचे रुग्ण रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहतात, हेही तिथेच कळले होते.

“आमच्याकडं रेंज पायजे तर आंब्यावर चढाया लागतं, भाऊ,” काशिनाथ म्हणाला. “हिला चढवून ठेवू काय?”

“चढवा की,” संगीता म्हणाली. “वरनंच उडी टाकते. यादी नको नि फोन नको.”

आम्ही तिघेही हसलो. मी तिच्या नंबराखाली माझा नंबर लिहिला. फोन आला की पोलादपूरच्या जीपवाल्याला कळवायचे, तो वाडीवर जाऊन दोघांना खाली आणील आणि तसाच मुंबईला नेईल — ही व्यवस्था माझीच. ती मी चहाच्या टपरीवर कितीतरी जणांना ऐकवली होती.

आता त्या दुपारकडे यायला हवे. मी टाळतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

महाडजवळच्या नाते नावाच्या गावात एका मंडळाने माझा सत्कार ठेवला होता. लोकसेवेबद्दल. माझ्या आधीच्या माणसाला शाल घालणे चालले होते आणि पुढचे नाव माझे होते. खिशात फोन वाजला. मुंबईचा नंबर होता. मी तो कापला. पुन्हा वाजला, तेव्हा मंडपाच्या कडेला गेलो.

“मंत्रालयातनं हाय काय रे?” मागून कोणीतरी ओरडले. “सांग, साहेब आता शाल पांघरतायत!”

माणसे हसली. मलाही ते सुखावून गेले. फोनवर रुग्णालयातल्या बाई होत्या. संगीता यांचा नंबर लागत नाही, किडनी मिळण्याची शक्यता आहे, तासाभरात त्या निघू शकतील का, प्रकृती कशी आहे?

जीपवाल्याला एक फोन करायचा होता. तो उचलला नसता तर मला स्वतः जावे लागले असते — आधी पोलादपूर, मग वाडी. मंडपात माझे नाव पुकारले गेले.

मी म्हणालो, “त्यांना ताप आहे.”

बाईंनी “बरं, पुढच्या पेशंटला कळवते” म्हटले आणि फोन ठेवला. मी आत जाऊन शाल घेतली. भाषणही केले.

ती दोघे वेळेत पोहोचलीच नसती, हायवेला कोंडी असते, तपासणीत काही निघाले असते — असे मी पुढे मनाशी मांडत आलो. पण हे सगळे नंतरचे. त्या क्षणी मी कसलाही विचार केला नव्हता. मला फक्त आत जायचे होते.

दुसऱ्या दिवशी दोघे डायलिसिसला आली. “काल लय बरं वाटत होतं,” संगीता म्हणाली, “सगळ्या गोधड्या धुतल्या.” काशिनाथने नेहमीप्रमाणे विचारले, फोन आला काय? मी म्हणालो, यादी मोठी असते.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ — पण नाही. पुढे मी मंत्रिमहोदयांना सविस्तर निवेदन लिहिले: दुर्गम भागातील रुग्णांना प्रत्यारोपणाची संधी मिळत नाही, शहरालगतचे पुढे जातात, डोंगरातल्यांपर्यंत हाकसुद्धा पोहोचत नाही. ते इथल्या साप्ताहिकात छापून आले. मजकूर खरा होता, आजही खरा आहे. एवढेच, की संगीतापर्यंत हाक आली होती.

गेल्या पावसाळ्यात संगीता वारली. तिचे दिवसकार्य झाल्यावर काशिनाथ टेबलाशी येऊन बसला. म्हणाला, “भाऊ, तिचं नाव यादीतनं काढायला सांगा. उगा फोन करीत बसतील. त्या वेळात दुसऱ्या कुनाचं काम होईल.”

मी त्याच्यासमोरच रुग्णालयाला फोन लावला. त्याच बाई होत्या की दुसऱ्या, सांगता येणार नाही. त्यांनी नोंद पाहिली. म्हणाल्या, मागे एकदा किडनी आली होती, पण तेव्हा त्यांना ताप होता ना?

काशिनाथ माझ्या तोंडाकडे पाहत होता. फोनमधले त्याला ऐकू येत नव्हते.

मी म्हणालो, “हो.”

“काय म्हनल्या?” त्याने विचारले.

“नाव काढलं म्हणाल्या.”

त्याने हात जोडले. मी ते जोडू दिले.