झोपडीची व्याख्या

शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. छपाईतला एक अनुस्वारही त्याच्या नजरेतून सुटत नसे. पण एकोणीस वर्षांत त्यानं कचेरीतल्या कुणाला घरी बोलावलं नव्हतं. कुठं राहता विचारलं की ‘पुलापलीकडं’ म्हणून विषय बदलायचा.

त्या मंगळवारी सकाळी त्याच्या दारावर कुणी तरी लाल आकडा रंगवून गेलं. शेजारी नोटीस : आठ दिवसांत तात्पुरती बांधकामं हलवा.

“अहो, तात्पुरती म्हणजे आपलीच का?” बायकोनं विचारलं.

“बघू,” म्हणत तो काही न खाताच निघाला.

कचेरीत नेमकी ‘झ’ची मुद्रितं आली होती. ‘झोपडी : गवत, पत्रा इत्यादींचे तात्पुरते घर.’ त्याची पेन्सिल तिथंच अडली. कागद घेऊन तो संपादकबाईंकडं गेला.

“बाई, इथं चूक आहे.”

“वेलांटी?”

“नाही, अर्थ. ‘तात्पुरते’ काढा.”

“जुन्या कोशातून घेतलंय ते. तुमच्याकडं पुरावा काय?”

“मीच. पंचवीस वर्षं झोपडीत राहतोय. मुलगी तिथंच जन्मली, तिथूनच शिकून नर्स झाली.”

बोलून गेला खरा. आता इथली पतही गेली, असं त्याला वाटलं.

बाईंनी ‘तात्पुरते’वर काट मारली. “आणि ‘झोप’वरून ‘झोपडी’, ही व्युत्पत्ती?”

“तीही पटत नाही. आमच्या गल्लीत सध्या झोप कुणाला येतेय?”

बाई हसल्या. “हे कारण कोशात चालायचं नाही. पण प्राकृतात ‘झुंपडा’ सापडतो, झोपेचा संबंध लोकांनी मागून जोडला असावा. तसं लिहू. पण झोप का नाही?”

त्यानं खिशातली नोटीस पुढं केली. बाईंनी ती ओळ न् ओळ वाचली. “तात्पुरतं कशाला म्हणायचं, हे यांनी कुठंच लिहिलेलं नाही. आत्ताच बसा, हरकत लिहा.”

त्यानं अर्ज लिहिला. जुनी वीजबिलं, मुलीचा शाळेचा दाखला जोडला. सुनावणीपर्यंत गल्लीत गाडी थांबली तरी नवरा-बायको दाराशी धावायचे. सुनावणीत अधिकाऱ्यानं कागद दोनदा चाळले, कुणाला तरी फोन लावला आणि त्यांच्या घरांची रांग पाडायच्या यादीतून वगळली. पण पुढच्या पाहणीपर्यंतच.

बायकोचा विश्वासच बसेना. बांधलेली भांडी तिनं दोन दिवसांनी सोडली. कपड्यांची एक पिशवी मात्र अजून दाराशी भरून ठेवलेली आहे.