म्हात्रे मॅडमचा मुकादम

चहाला आमचा विभाग जमला की म्हात्रे मॅडमचा किस्सा निघतोच, आणि एकावर कोणी थांबत नाही! मी रोह्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा लॅब असिस्टंट. मॅडम पेणच्या. आवडता विषय, मेंदूची घडण.

*

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "गणपतीच्या कारखान्यात साचे सगळेच असतात. आज कुठला काढायचा, कोण सांगतं?"

"मुकादम!"

"पेशीतही जीन्स सगळेच असतात. कुठला वाचायचा, कुठला बंद ठेवायचा, हे सांगणारा मुकादम म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. त्याच्यामुळे एक पेशी मेंदूची होते, दुसरी कातडीची."

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बाबांच्या कंपनीत तर सगळे मुकादमच हायत!"

*

अंड्यात घडणारं पिल्लू बघायच्या प्रॅक्टिकलच्या आधी इन्क्युबेटर बंद पडला. मी अंडी आणून अष्टमी गावात माझ्या घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. दोन दिवसांनी फोडली, तर आत नुसता बलक! मी दुकानातली अंडी आणली होती, कोंबड्याशिवायची.

मॅडम पोट धरून हसल्या. "मामा, मुकादम तरी काय करणार? माल निम्माच आलाय!"

मग स्वतः पेणहून एसटीत गावठी अंडी मांडीवर घेऊन आल्या. ती दोन दिवस कोंबडीखाली उबवल्यावर त्यातल्या पिल्लाच्या मेंदूची केसाएवढी नळी मला दाखवली. मी दहावी नापास, पण हात आपोआप जोडले गेले.

*

एकाने पेपरात लिहिलं, "मुकादम स्वतः काही उचलत नाही, पण तो आला नाही तर मेंदू उभा राहत नाही." मॅडमनी पैकीच्या पैकी दिले.

बाहेरचे परीक्षक म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

"यायला हवं!"

*

दर्शना आमची विद्यार्थिनी, खाडीकाठच्या खारेपाटातली. तिच्या भाच्याचे डोळे जन्मतःच नीट घडले नव्हते. "ग्रहणात विळीवर बसलीस गो!" म्हणत आईने वहिनीला बाळासकट माहेरी, खांब गावाला धाडलं. दर्शना लॅबमध्ये रडली. मॅडम त्याच दिवशी तिच्या घरी गेल्या.

"आई, डोळे घडवणारा मुकादम पोटातच अडखळला असेल. का, ते डॉक्टर तपासतील. विळीचा संबंध नाही."

"मंग चूक कोनाची?"

"कोणाचीच नाही."

म्हातारीने चहासुद्धा विचारला नाही. परत येऊन मॅडम मला म्हणाल्या, "मामा, आज मी नापास."

दुसऱ्या दिवशी म्हातारी एकटीच एसटीने खांबला गेली. सुनेच्या दारात उभी राहिली.

"पोराच्या डोल्यांत कोनाची चूक नाय गो. चुकले ती मी. चल घरी."